बिस्त्राची हजेरी

आमच्या क्लबच्या वार्षिक सभेला मेलेली माणसं हजर असायची. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो एकतर हसतो, नाहीतर माझ्यापासून जरा लांब सरकून बसतो. म्हणून आधीच सांगून टाकते, मी शुद्धीत आहे. माझं नाव व्हिओलेता. मेलबर्नजवळच्या थॉमसटाउनच्या बिस्त्रा फुटबॉल क्लबात सामन्याच्या दिवशी शेगडीवर केबापी, म्हणजे खिम्याचे लांबट कबाब, भाजण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. खिम्याचा आणि कांद्याचा तो वास आता साबणानंही जात नाही.

पण ही हकिगत माझी नाही, चिच्को मेतोदीची आहे. चिच्को म्हणजे काका. तो माझा सख्खा काका नव्हे. आमच्या मॅसेडोनियन मंडळींत बापाच्या वयाचा कुठलाही माणूस चिच्को असतो, आणि तुमचं लग्न, वजन आणि गाडी या तिन्हींबद्दल बोलायचा त्याला हक्क असतो. मेतोदीनं हा हक्क कधी वापरला नाही. उंच, वाकलेला, तोंडातून शब्द काढायला वेळ घेणारा माणूस. मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात होता, कारखाना बंद पडल्यावर घरी बसला. घरी बसला म्हणजे क्लबात बसला. रेघा मारणं, जाळ्या शिवणं, मैदानावर मुलं नाचायला लागली की त्यांच्या आयांवर ओरडणं, सगळं तोच करायचा. आणि कारखान्यात होता तेव्हापासून तो सभासद-चिटणीस होता, सभासदांची यादी ठेवणारा. ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं, म्हणून एकदा त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्याचा थोरला भाऊ क्रस्ते. क्रस्ते म्हणजे निम्मा क्लब. जमीन घेताना आपलं घर गहाण टाकणाऱ्यांत तो पहिला होता, कपडे बदलायच्या खोल्यांच्या विटा त्याच्या हाताच्या. मेतोदी त्याच्या मागून इथे आला आणि त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत राहिला. क्रस्ते बोलायचा, मेतोदी मान डोलवायचा. क्लब सुरू झाला तेव्हा एका घराचं एक नाव अशी रीत होती. घरातल्या मोठ्याचं नाव लागायचं आणि बाकीचे त्याच्या नावावर क्लबात वावरायचे. नाउमोस्कींच्या घराचं नाव अर्थातच क्रस्तेचं होतं.

एका शुक्रवारी शहरातल्या एका इमारतीच्या परांचीवरून क्रस्ते पडला आणि गेला. धाकटा त्या वेळी कारखान्यात होता, त्याला फोरमननं येऊन सांगितलं. पुढच्याच महिन्यात क्लबची वार्षिक सभा होती. मेतोदी उभा राहून हजेरी घेत होता. नावं वाचत वाचत तो क्रस्तेच्या नावापाशी आला आणि सवयीनं वाचून गेला. वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा, पुढचं नाव काही वाचत नाही. तेव्हा मागच्या बाकावरून त्यांची आई, काळ्या रुमालातली, म्हणाली, "इथे आहे." मेतोदीनं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

मी तेव्हा लहान होते, वडिलांच्या मांडीवर होते म्हणतात. पण हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितला गेला आहे की आता तो मला आठवतो.

त्यानंतर आमच्यात कुणीही गेलं तरी त्याचं नाव कमी झालं नाही. मेतोदीकडून ते होणंच शक्य नव्हतं, आणि त्याला करायला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. बाप गेला की मुलगा त्याची वर्गणी भरायचा, हजेरीत बापाचं नाव आलं की "इथे आहे" म्हणायचा, आणि मतदानाला हात वर करायचा. आम्ही मृतांच्या दिवशी थडग्यावर भाकर-वाइन नेतो, देव त्याला क्षमा करो म्हणतो, तसंच हे. वर्षातून एकदा सगळ्यांसमोर बापाचं नाव ऐकायला मिळायचं. माझे वडील दिमे गेले तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याला ते जमणार नाही. मेतोदीनं नाव घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. मी म्हणाले, इथे आहे. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

यात एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. बापाचं नाव चालू आहे म्हटल्यावर स्वतःचं नाव घालायचं कुणाला सुचणार? आम्ही शेगड्या पेटवल्या, मुलांना शिकवलं, छप्पर गळलं तेव्हा वर चढलो, आणि आमच्यातले बहुतेकजण क्लबचे सभासदच नव्हते. सभासद होते ते फॉकनरच्या स्मशानात.

स्वतःचं नाव घालणारा आमच्यात एकच निघाला, ट्रायान. आज तो क्लबचा अध्यक्ष आहे. बाप जिवंत असतानाच त्यानं वेगळं सभासदत्व घेतलं होतं, तेव्हा लोकांनी त्याची भरपूर टर उडवली. "काय रे, बापाच्या नावात मावत नाहीस का?" असं त्याला बारमध्ये विचारायचे. ट्रायान हसायचा. तो वाईट माणूस नाही, हे मी रागाच्या भरातही म्हणेन. त्याचा मुलगा आमच्याकडचा सगळ्यात चांगला खेळाडू होता, आणि अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला जायला जागा नव्हती.

कारण मोठी लीग आमच्यासाठी बंद होती. बिस्त्रा हे नाव एका डोंगराचं, पण जुन्या देशाची नावं नकोत असा फतवा निघाला तेव्हा कागदावर आम्ही मेरी क्रीक रेंजर्स झालो. छातीवरचा डोंगर गेला आणि कुठलासा पक्षी आला. तेही गिळलं. मग जुनी लीग मोडून नवी चकचकीत लीग आली. तिच्यात जिंकून चढता येत नाही, परवाना घ्यावा लागतो, आणि परवाना गर्भश्रीमंतांना मिळतो. आमच्यासारख्यांसाठी दुसऱ्या फळीची लीग काढू, असं आश्वासन दर दोन वर्षांनी मिळायचं. ते भिजत घोंगडं भिजतच राहिलं. वरच्या महासंघात कुणाला किती मतं, यावरून भांडणं चालली होती. बातम्यांत टाय घातलेली माणसं एकमेकांना लोकशाही शिकवायची. आम्ही बारमध्ये बसून त्यांना हसायचो. आमच्याकडे बघा म्हणायचो, आमच्याकडे मेलेल्यालाही मत आहे.

मग मोठ्या लीगनं आणखी दोन संघ घ्यायचं ठरवलं. काही पैसेवाली मंडळी नॉर्थगेट नावाचा संघ काढून परवान्यासाठी उभी राहिली. त्यांना मेलबर्नच्या उत्तरेला मैदान हवं होतं आणि तयार मुलं हवी होती. दोन्ही आमच्याकडे होतं. अट एवढीच की मैदान आणि क्लब त्यांच्या कंपनीच्या स्वाधीन करायचा. आम्ही सभासद राहणार नाही, प्रेक्षक राहू. जुन्या खोल्या पाडून तिथे व्यायामशाळा होईल. क्रस्तेच्या विटा जातील, असं काही त्यांच्या माणसानं म्हटलं नाही. त्याला क्रस्ते माहीतच नव्हता.

ट्रायान बाजूनं होता. त्यानं स्वयंपाकघरात येऊन मला समजावलं की दार एकदाच उघडतं, आपली मुलं किती वर्षं दाराबाहेर उभी राहणार. मी म्हटलं, "आत जायचं तर घर विकून जायचं का?" तो म्हणाला, "व्हिओ, घरात आता राहतंय कोण? तू, मी आणि थडगी." मी त्याच्यावर चिमटा उगारला. पण तो बोलला ते मला लागलं होतं.

आमच्या घटनेत लिहिलं आहे की मैदान दुसऱ्याला द्यायचं तर सभेला हजर असलेल्या दर चारांतल्या तिघांनी हो म्हटलं पाहिजे. ट्रायानकडे माणसं कमी नव्हती. मुलांच्या वर्गांसाठी आलेले नवे आईबाप सगळे स्वतःच्या नावावर सभासद होते, आणि त्यांना लेकरं टीव्हीवर दिसायला हवी होती. त्यांना तरी का दोष द्यावा? तरीही शरद ऋतूतल्या सभेत प्रस्ताव पडला. आम्ही बापांच्या नावानं हात वर केले आणि पाडला. मेतोदी त्या दिवशी पहिल्यांदा राकियाचे, आमच्या फळांच्या दारूचे, दोन ग्लास प्याला आणि क्रस्तेनं बांधलेल्या भिंतीला पाठ टेकून बसला. मी त्याला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात नॉर्थगेटच्या वकिलाचं उत्तर आलं. पाडणाऱ्यांतले बहुतेक मेलेले आहेत, असं त्यानं लिहिलं होतं. ते खरंच होतं. आमच्या पायाखालची जमीन सरकली. बातमी पेपरात आली, 'मुडद्यांचं मतदान' असल्या मथळ्यानं, आणि ज्यांना आमचा क्लब कुठे आहे हे ठाऊक नव्हतं ते रेडिओवर आमच्यावर विनोद करायला लागले. मेतोदी बाजारात गेला की ओळखीचे लोक नजर चुकवायचे. खापर त्याच्यावर फुटलं. आमच्यातलेच काहीजण म्हणाले की म्हाताऱ्यानं वेळच्या वेळी नावं कमी केली असती तर आज आपण सगळे सभासद असतो. हे म्हणणारे तेच, ज्यांनी प्रत्येक वर्षी त्याच्या तोंडून आपल्या बापाचं नाव ऐकून डोळे पुसले होते.

आता नव्यानं सभासद व्हायचं तर घटनेप्रमाणे वर्षभर मत मिळत नाही, आणि परवान्याचा निकाल तोपर्यंत थांबणार नव्हता. म्हणजे आम्ही संपलो होतो. दोन्ही बाजूंनी मिळून मग एक निवृत्त न्यायाधीश बाई पंच म्हणून आणल्या, मिस प्रेंडरगास्ट. त्या हडकुळ्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मेतोदीला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि दोन दिवसांनी निर्णय दिला. तो मला आमच्या बाजूचा वाटला, अजूनही वाटतो. नवी सभा घ्यायची. हजेरीत मेलेल्यांची नावं शेवटची वाचायची. नाव आलं की घरातून जो इतकी वर्षं उत्तर देत आला त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, हा माणूस मेला आहे आणि त्याच्या जागी मी येत आलो. एवढं म्हटलं की तो माणूस पहिल्यापासून सभासद धरला जाईल, त्याला मत मिळेल. पण मेलेल्याला कुणी हजर म्हटलं तर ते नाव तिथेच खोडलं जाईल आणि उत्तर देणाऱ्यालाही मत नाही. हजेरी मेतोदीनंच घ्यायची, कारण ते नेहमीचं आहे.

ऐकायला किती सोपं. मेला म्हणायचं, आणि हात वर करायचा. पण आमच्या लोकांना ते जड गेलं. आम्ही बापाला पुरलं होतं, पण क्लबात नव्हतं पुरलं.

मेतोदीनं मग जिवाचं रान केलं. त्याला गाडी चालवताना आता नीट दिसत नव्हतं, म्हणून मीच त्याला घरोघरी फिरवलं. लालोर, एपिंग, मिल पार्क. प्रत्येक घरात कॉफी, प्रत्येक घरात रडारड. तो सगळ्यांना तेच सांगायचा, की सभेला या आणि म्हणा. स्पासेची बायको रात्का तर चवताळली. माझा नवरा मेला हे इंग्रज बाईसमोर मी का सांगू, त्यानं तिचं काय घोडं मारलंय, असं म्हणाली. मेतोदी तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "रात्का, तू ते म्हणाली नाहीस तर स्पासेनं लावलेली झाडं ते कापतील. एकदा म्हण. मग मी तुझ्या दारात पुन्हा येणार नाही." तिनं निघताना आम्हाला मिरच्यांची बरणी दिली. म्हणजे ती येणार होती.

घरं संपली तेव्हा मी त्याला त्याच्या घरी सोडायला गेले. क्रस्तेची बायको झ्लाता, आमची तेत्का म्हणजे काकू, मागच्या अंगणात लाकडं रचत होती. क्रस्ते गेल्यापासून तिनं काळ्याशिवाय दुसरा रंग घातलेला नाही. इतकी वर्षं एका छताखाली राहिले दोघं, लोकांनी बोलून बोलून शेवटी कंटाळून सोडून दिलं, आणि त्या घरात काही घडलं असेल तर ते इतकंच की ती सूप करायची आणि तो ताट धुवायचा. मेतोदी तिच्यासमोर घुटमळला. पायातल्या बुटांकडे बघत म्हणाला, की परवा मला क्रस्तेबद्दल ते म्हणावं लागेल, तुझी परवानगी असली तर.

झ्लातानं हातातलं लाकूड रचलं, मग बोलली. "मला चाळीस वर्षं माहीत आहे की तो मेलाय. माझ्या अंथरुणात तो नाही. तुलाच अजून माहीत नाही, मेतोदी."

मेतोदी आत निघून गेला. मी झ्लाताला म्हटलं, तेत्का, जरा हळू बोलायचं. ती म्हणाली की हळू बोलूनच हे असं झालंय.

सभेच्या दिवशी थंडी मरणाची होती, हिवाळ्यात आमच्याकडे वारा सरळ हाडांत शिरतो. सभागृह गच्च भरलं होतं. एका बाजूला नवे आईबाप, छान जाकिटांत, हातात कागदी कपातली कॉफी. दुसऱ्या बाजूला आम्ही. ट्रायान दोघांच्या मधे, बापासारखाच जबडा घट्ट आवळून. मिस प्रेंडरगास्ट टेबलाशी. मी दुपारीच हिशेब मांडला होता आणि सगळ्यांनीच मांडला होता. आमच्या बाजूनं एकही माणूस गळून चालणार नव्हतं. सगळे आले तर मैदान राहणार होतं, काठावर, पण राहणार होतं.

मेतोदीनं कोट घातला होता. तो कोट मी लग्नांत आणि प्रेतयात्रांतच पाहिला आहे. आधी त्यानं जिवंत सभासदांची नावं वाचली, ती पटापट झाली. मग चष्मा पुसला आणि दुसरा कागद घेतला.

पहिलं नाव स्पासेचं. रात्काला उठायला वेळ लागला, तिचा गुडघा खराब आहे. उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "मेला. मी त्याची बायको." आणि धपकन बसली. मिस प्रेंडरगास्टनी लिहून घेतलं. मग एकामागून एक. मेला, मी त्याचा मुलगा. मेला, मी धाकटी मुलगी. एकजण, चाळिशी ओलांडलेला बाप्या, मेला म्हणाला आणि तिथेच लहान मुलासारखा रडायला लागला. त्याच्या शेजारच्या अनोळखी नव्या बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या बाजूलाही बऱ्याच जणांनी खाली माना घातल्या होत्या. माझ्या वडिलांचं नाव आलं. मेतोदीनं माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखा थांबला. मी म्हणाले, "मेले. मी त्यांची मुलगी, व्हिओलेता." माझं नाव त्या सभागृहात मी पहिल्यांदा उच्चारलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याची लाजही वाटली.

एकही घर मागे हटलं नाही. मेतोदीनं ज्या ज्या दारात टोपी काढली होती, ते प्रत्येक दार आलं आणि बोललं. मी बोटांवर मोजत होते. राहिलं होतं एकच नाव.

त्यानं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यानं कागद जरा लांब धरला. "क्रस्ते नाउमोस्की," त्यानं वाचलं.

वाचणाराही तोच, आणि उत्तर द्यायचं तेही त्यानंच. तो कागदाकडे बघत राहिला. मिस प्रेंडरगास्ट वाट बघत होत्या, घाई करत नव्हत्या. वारा खिडकीची तावदानं वाजवत होता. मी मनात ओरडत होते, म्हण, चिच्को, एकच शब्द आहे, रात्कानं म्हटला, मी म्हटला, तूच आम्हाला म्हणायला लावलास. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. मागून झ्लाता म्हणाली, "मेतोदी. सोड त्याला आता."

तिच्या आवाजानं त्यानं वर पाहिलं. मागचा बाक, काळा रुमाल. त्याला काय दिसलं ते मला माहीत आहे, झ्लाता आता त्याच्या आईच्या तेव्हाच्या वयाची झाली आहे आणि ती त्याच बाकावर बसली होती. तो सरळ उभा राहिला, त्याचा वाक गेल्यासारखा झाला, आणि स्पष्ट आवाजात म्हणाला,

"इथे आहे."

मिस प्रेंडरगास्टनी पेन खाली ठेवलं. त्यांनी त्याला पुन्हा विचारलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मिस्टर नाउमोस्की, तुम्हाला उत्तर बदलायचं आहे का, असं हळूच विचारलं. ट्रायानसुद्धा म्हणाला, "चिच्को, बदल ना." ट्रायान म्हणाला हे, ज्याला त्यात तोटा होता. मेतोदीनं मान हलवली. त्याला बदलायचं नव्हतं असं नाही. त्याला ते येतच नव्हतं. मग मिस प्रेंडरगास्टनी क्रस्तेच्या नावावर रेघ मारली.

आमचं एक मत कमी पडलं, आणि प्रस्ताव मंजूर झाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवे आईबाप गुपचूप निघून गेले. मला मेतोदीचा इतका संताप आला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीला लाथ मारली आणि पायाचं नख काळंनिळं करून घेतलं. आम्ही सगळ्यांनी आमचे बाप दिले होते, आणि हा एक भाऊ देऊ शकला नाही. मग मी बाहेर आले तेव्हा तो कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीपाशी उभा होता, विटांवर तळहात ठेवून. लोक त्याच्याकडे न बघता आपापल्या गाड्यांकडे गेले, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. रात्कानं जाताना त्याच्या कोटाचं बटण लावून दिलं.

वसंतात भिंती पाडल्या. नॉर्थगेटला परवाना मिळाला. ट्रायानचा मुलगा तिथे राखीव खेळाडूंत आहे, अजून मैदानात उतरला नाही. सामने शहरातल्या मोठ्या मैदानात होतात आणि आमच्या मैदानाला आता कार्ड दाखवून उघडणारं फाटक आहे. मेतोदी रोज सकाळी त्या बाजूनं चालत जायचा आणि फाटकापर्यंत पोचून परत फिरायचा. नंतर नंतर कोपऱ्यापर्यंतच जाऊ लागला. बोलणं आधीच कमी होतं, ते आता जवळजवळ थांबलं. झ्लाता म्हणायची की पुढ्यात ठेवलं तर खातो. मी रविवारी केबापी घेऊन जायचे, आता माझ्या घरच्याच शेगडीवर भाजलेले. त्यानं मला एकदाच विचारलं, की सगळे माझ्यावर रागावले आहेत का. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, आणि तो खोटं ओळखत नाही असं समजण्याइतकी मी मूर्ख नव्हते.

गेल्या महिन्यात मी अशीच गेले होते तेव्हा टपाल आलं. नॉर्थगेटच्या निळ्या रंगाचं जाड पाकीट, मोसमाची तिकिटं घ्या म्हणणारं. त्यांनी क्लबचे जुने पत्ते जसेच्या तसे उचलले होते, जिवंत-मेलेला न बघता. मतासाठी चालले नाहीत ते, तिकिटासाठी चालत होते. माझ्या घरी वडिलांच्या नावानं तसंच पाकीट आलं होतं, मी ते फाडून टाकलं होतं. मेतोदी दारात उभा राहून पाकीट लांब धरून वाचत होता.

"क्रस्ते नाउमोस्की," त्यानं वाचलं. सवयीनं, मोठ्यानं.

स्वयंपाकघरात झ्लाता मिरच्यांची सालं काढत होती. तिचे हात थांबले. 'इथे आहे' असं कुणी म्हटलं नाही. मेतोदी टेबलाशी येऊन बसला, माझ्याकडे पेन मागितलं. पाकिटावर भावाच्या नावाखाली त्यानं एक शब्द लिहिला, त्याच्या त्या सुबक, रेघा मारणाऱ्या हातानं. मेला. आणि खाली, परत पाठवा.

मग त्यानं ते माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "व्हिओ, जाता जाता पेटीत टाकशील?"

मी ते टाकलं. आता त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता.